बावांच्या नावापुढची हिरवी टिकली

बावा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी पाय होता. आमच्या आरोग्य केंद्रात दर बुधवारी शुगरच्या पेशंटचे पाय तपासतात. बाकावर माणसं चपला काढून रांगेने बसलेली असतात आणि मी समोर बुटक्या स्टुलावर बसून एकेक पाय मांडीवर घेते. पिशवीत मोबाइल वाजत होता. समोरच्या आजी म्हणाल्या, "घे की बाई, कवाचा वाजतोय." घेतला. पलीकडे माझी मोठी बहीण, सरोजाअक्का. रडत नव्हती. "विजे, ह्यांनी चहा घेतला न्हाई," एवढंच म्हणाली, आणि मला समजलं. समजूनही मी त्या आजींच्या बोटांच्या बेचक्या नीट पाहिल्या, वहीत खूण केली, आणि मगच उठले. कुणी याला कर्तव्य म्हणेल. खरं म्हणजे मला उठायची भीती वाटत होती. उठलं की बावांच्या घरी जावं लागणार होतं, आणि त्या घरात मी दीड वर्ष एक गोष्ट लपवून वावरत होते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर. आमच्यात बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतात. अंबादास बावा अक्काला बघायला पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी सातवीत होते. आले ते ओरडतच. "पाणी द्या थोडं!" हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की आईने आत येऊन वडिलांना सांगितलं, मुलगा तापट दिसतोय, नको. वडील स्वतः चादरीच्या कारखान्यात होते, ते पोट धरून हसले. यंत्रमागावर जन्म काढलेला माणूस घरातही ओरडूनच बोलतो, त्याला हळू बोलणं जमत नाही, एवढंच. बावा पुढे माझ्याशी तीस वर्षं ओरडूनच बोलले. ओरडून थट्टा करायचे, ओरडून समजूत घालायचे. अक्कावर त्यांचं प्रेम होतं हेही सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. बारावीनंतर मला शिलाई मशीन घेऊन द्यायचं घाटत होतं, तेव्हा नर्सिंगचा फॉर्म त्यांनीच आणला. वडिलांना म्हणाले, "आपल्यातलं एक तरी माणूस मागाच्या आवाजाभाईर जाऊ द्या की." माझ्या अंगावर आज जो पांढरा कोट आहे, तो त्यांच्यामुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना ते विसरून चालणार नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते चार माग सांभाळायचे. सकाळी सायकल बाहेर लावायची, चपला दाराबाहेर काढायच्या, मागाच्या लाकडाला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग बटण दाबायचं. आमच्यात मागापाशी चप्पल घालून उभं राहत नाहीत. कुणी नियम करून ठेवलेला नाही. देवघरात चप्पल घालू नये हेही कुणी शिकवत नाही, तसंच आहे ते. ताण्यात हजारो धागे असतात, त्यातला तुटलेला एक धागा बावा न बघता, नुसता हात फिरवून शोधायचे. मला त्याचं फार कौतुक. लग्नानंतर माझ्या नवऱ्यालाही मी ते बघायला मुद्दाम नेलं होतं. शुगर निघाली तेव्हा बावा पन्नाशीच्या आत होते. "मी गोड बोलतो ना, त्याचं झालंय ते," असं म्हणून त्यांनी गोळ्या सुरू केल्या. आठवण झाली की घ्यायच्या, अशा बेताने.

सरकारी योजना म्हटलं की आपल्याकडे आधी हसायची पद्धत आहे. मीही हसते, माझं तर पोटच त्यावर चालतं. पण पाय वाचवायची ही योजना मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव हळूहळू जाते. खिळा घुसला तरी समजत नाही. साधी जखम आत आत जाते, आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, पाय काढावा लागेल. यातले कितीतरी पाय वेळेवर नुसते नीट बघितले तरी वाचतात. म्हणून आम्हाला प्रशिक्षण दिलं. एक छोटी दांडी दिली, तिला नायलॉनचा एकच जाड धागा बसवलेला. माणसाने डोळे मिटायचे, आम्ही तो धागा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, आणि त्याने "लागलं" म्हणायचं. सगळीकडे लागलं तर वहीत नावापुढे हिरवी टिकली. कमीजास्त असेल तर पिवळी. लागतच नसेल तर लाल. लाल टिकलीवाल्याला अनवाणी चालायची बंदी, मऊ रबराची चप्पल मोफत, आणि पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी. प्रशिक्षणात हेही बजावलं होतं की धागा एकसारख्या अंतराने टेकवू नका, मध्ये थांबा, हुलकावणी द्या. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून.

कामगार दवाखान्याच्या वेळेत येऊ शकत नाहीत, म्हणून आम्हीच कारखान्यांत जायचं ठरलं. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, मी बावांच्या कारखान्यात गेले. मालकांनी दाराजवळ एक खुर्ची आणि माझ्यासाठी पाट दिला. माग चालूच होते, ते कोण कशाला बंद करेल? एकेक जण यायचा, बसायचा, डोळे मिटायचा. बावांची पाळी आली तेव्हा ते सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचा धागा आमालाच टोचतीस व्हय गं विजे?" मी म्हटलं, "डोळे मिटा, नाहीतर तोंडालाही टोचीन." लोक हसले. मी धागा टेकवला. लागलं. पुन्हा टेकवला. लागलं. दोन्ही पाय, सगळ्या जागा, एकदाही चुकले नाहीत. इतक्या वर्षांच्या शुगरमध्ये असा पाय! मला अभिमान वाटला. घरच्या माणसाच्या नावापुढे मी हिरवी टिकली लावली आणि अक्काला फोन करून सांगितलंसुद्धा.

पुढे तीनेक आठवड्यांनी, एका रविवारी, बावा आणि अक्का आमच्याकडे जेवायला आले. बावा पायऱ्या चढून दारात आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी खालच्या पायरीवर निसटून पडलेली, आणि त्यांना पत्ताच नाही. "बावा, अर्धी वरात मागंच राहिली की तुमची," मी म्हटलं. सगळे हसले. बावाही हसले, पण खाली बघून, आणि लगेच चप्पल आणायला वळले. त्या वळण्यात काहीतरी होतं... माझं हसू तिथेच थांबलं. जेवणं झाल्यावर अक्का भांडी आवरत होती, तेव्हा मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, पिशवीतून धागा काढला आणि म्हटलं, मिटा डोळे. घरात शांतता होती. मी अंगठ्याला टेकवला. ते गप्प. टाचेला टेकवला. गप्प. मग त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच, तीस वर्षांत पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले.

"कारखान्यात तुजा हात मागावर चालला हुता, विजे."

मला आधी समजलंच नाही.

"मागाचा ठोका पडला की तू टेकवायचीस. विणकराची पोरगी हायेस, हात जातोच की. मी नुस्तं ठोक्यावर लागलं लागलं म्हणत गेलो. मला कुटं काय लागतंय? दोन वर्सं झाली."

मला शिकवणाऱ्या डॉक्टरीण बाई पुण्याच्या होत्या. हुलकावणी द्या म्हणाल्या, पण मागाच्या आवाजात विणकराच्या मुलीचा हात कुठल्या तालावर जाईल हे त्यांना तरी कसं सुचावं? मी आईच्या पोटात असताना आई मागांशेजारी बसून सुताच्या कांड्या भरत होती, तेव्हापासूनचा तो ताल. मला कळलंही नव्हतं की मी तो धरलाय. बावांना मात्र कळलं होतं आणि त्यांनी त्याचा फायदा घेतला. मी चिडले. उद्याच टिकली बदलते म्हटलं. तर ते हात जोडायला लागले. त्यांच्या कारखान्यात लाल टिकली लागलेल्या एका जुन्या कामगाराला मालकांनी मागावरून काढून टॉवेलच्या घड्या घालायला बसवलं होतं. मालकांनी ते चांगल्या मनानेच केलं होतं, पाय जपावा म्हणून. पण बावांना त्या बसण्याची धास्ती होती. "दिवाळीपत्तूर थांब. माझं मी सांगतो मालकाला. मी मऊ चप्पल घालतो, रोज आरशात तळवा बघतो. तुज्या गळ्याची शपथ." मी थांबले. का थांबले, ते इथे लिहायला हवं. या माणसाने मला नर्स केलं, त्याच्याकडून त्याचे माग कसे काढून घेऊ, हे एक कारण. दुसरं असं की टिकली बदलायची तर ती आधी चुकीची कशी लागली हे वरच्यांना सांगावं लागलं असतं, आणि माझ्याच घरच्या माणसाच्या बाबतीत. दोन्ही कारणं खरी आहेत. मनात आधी आलं ते दुसरं.

मऊ चप्पल मी गुपचूप नेऊन दिली. बावांनी शब्द पाळला असं त्यांना स्वतःला वाटत होतं. चप्पल घालून ते कारखान्यापर्यंत जायचे आणि दारात काढायचे. मी रागावले तर म्हणाले, अगं मी काढत न्हाई, पायच काढतो. दिवाळीला दहा-बारा दिवस उरले होते. अक्काला घरात फरशीवर पुसट लाल डाग दिसायला लागले. दोन दिवस तिने ते पुसले. त्या आठवड्यात बावांच्या मागावर लाल टॉवेल होते, आणि कच्चा रंग घामाने पायाला लागून घरभर उमटतो हे आमच्या बायकांना नवीन नाही. तिसऱ्या दिवशी तिला वास आला. तळव्यात मागाच्या फणीची पोलादी काडी मोडून राहिली होती, सुईएवढी बारीक, आणि तिच्याभोवतीचं मांस काळं पडलं होतं. बावा त्या पायावर चार दिवस चार माग सांभाळत उभे होते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, पाय कधीपासून बधिर आहे? मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "बधिर न्हवता की साहेब. आत्ताच तपासलाय, हिरवा आलाय. माझी बहीणच नर्स हाय." आणि तिने माझ्याकडे हात केला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो अशी. बावा खाटेवरून माझ्याकडे बघत होते. त्यांनीही काही सांगितलं नाही. आधी दोन बोटं काढली, मग पंधरा दिवसांनी गुडघ्याखालून पाय.

अक्काचं घर एका गल्लीत वरच्या मजल्यावर आहे. खाली दुसऱ्याचा छोटा कारखाना, आणि वर जायला लोखंडी जिना, शिडीसारखा उभा. त्या जिन्याने बावांना दोन माणसांनी वर नेलं आणि मग ते जवळजवळ खाली आलेच नाहीत. कुबडीने तो जिना उतरणं कुणालाही जमलं नसतं. नकली पायाचं माप घेतलं होतं, पण खुंटाची जखम पूर्ण भरेना, म्हणून तो बसवता येईना. खोली दहा बाय बारा. खिडकी एक, समोरच्या भिंतीकडे उघडणारी. खालचे माग सकाळी सुरू झाले की फरशी थरथरायची, भांडी किणकिणायची, आणि बावा पलंगावर बसून ऐकत राहायचे. कुठला माग थांबला, कशाने थांबला, हे त्यांना वरून समजायचं. "पलीकडच्याचा धोटा अडकलाय रे," असं खिडकीतून ओरडायचे, आणि खालचा कामगार वर बघून हात हलवायचा. काही महिन्यांनी तेही ओरडेनासे झाले. मी दर रविवारी त्यांचा उरलेला पाय तपासायला जायचे. "सरकारनं तुजं काम निम्मं केलं बघ," म्हणायचे. मी हसायचे. अक्का चहा टाकायची, मी कशी बहिणीच्या नवऱ्यासाठी रविवार मोडते हे शेजारणीला कौतुकाने सांगायची. जिना उतरून गल्लीत आले की सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटण्याची लाज वाटायची, कारण मी उतरू शकत होते.

त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. बुधवारी ते गेले, त्याआधीच्या रविवारी मी गेले होते. अक्का खाली भाजीवाल्याकडे गेली होती. बावा एकदम म्हणाले, "तुमच्या ट्रेनिंगमदी मागाचं काय सांगितलं न्हवतं ना?" मी म्हटलं, नाही. "मग तू सांग की त्यांना. दुसऱ्या कारखान्यांत बी असंच करत असतील लोकं. तितल्या नर्स बी आपल्याच पोरी की." मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी स्वतः तेव्हापासून मुद्दाम अडखळत, थांबत थांबत धागा टेकवत होते. पण दुसऱ्या नर्सना सांगायचं तर कुणाच्या पायावरून मला हे समजलं तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी विषय बदलला. उन्हाळा लवकर लागला या वर्षी, असं काहीतरी म्हणाले. तेच आमचं शेवटचं बोलणं. त्यांचं हृदय झोपेतच थांबलं होतं. त्यांना त्या जिन्यावरून चौघांनी खाली आणलं.

महिना झाल्यावर मी अक्काकडे गेले आणि सगळं सांगितलं. ठोका, "लागलं", मागची खोली, दिवाळीपर्यंतचा शब्द. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता ऐकलं. मग ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तू हिरवं दिलंस म्हणून मला रंग वाटला. न्हाईतर नवऱ्याचं रक्त मी वळखलं नसतं व्हय?"

मी रडले. तिने मला जवळ घेतलं नाही. "आता मला का सांगतीस? तुजं मन हलकं व्हावं म्हणून?" ती म्हणाली. "मला सांगून कुणाचा पाय वाचणार हाय? जा, जितं सांगायला पायजे तितं सांग."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमसमोर बसून सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. पुढे माझं काय व्हायचं ते होईल, चौकशी सुरू आहे. पण त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या नर्सना बोलावलं आणि मला त्यांच्यासमोर ते पुन्हा सांगायला लावलं. आमच्यातल्या दोघी तेलुगू मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कारखान्यांना पत्र गेलं की पाय तपासताना माग बंद ठेवावेत, आणि ज्याला लाल टिकली लागेल त्याला मागावरून न हलवता मागापाशी घालायची वेगळी स्वच्छ चप्पल द्यावी. पहिल्यांदा कुठे जायचं ते मीच मागून घेतलं.

गेल्या आठवड्यात मी बावांच्या कारखान्यात गेले. मालकांनी घड्याळाकडे बघितलं, अर्धा तास बंद ठेवतो म्हणाले, आणि मेन स्विच खाली ओढला. माग एकेक करत थांबले. चालू पाळीत त्या शेडमध्ये शांतता पडलेली मी जन्मात कधी ऐकली नव्हती. कामगारही बावरले. एकमेकांशी बोलायला लागले तर स्वतःचाच आवाज मोठा वाटून गप्प झाले. बावांचे चार माग आता एक तरुण माणूस बघतो, फार तर पस्तिशीचा, हसतमुख. शुगर निघून त्याला सहा-सात वर्षं झालीत, पहिल्या फेरीत त्याला हिरवी टिकली मिळाली होती. मीच दिली होती. तो सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत बसला आणि त्याने डोळे घट्ट मिटले.

मी अंगठ्याला धागा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. थांबले. मधल्या बोटाखाली टेकवला. करंगळीखाली. टाचेला. मग दुसरा पाय घेतला. त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, शहाण्या मुलासारखं वाट बघणारं. शेवटची जागा झाली. धागा अजून त्याच्या टाचेवर वाकलेला होता, तेव्हा तो डोळे न उघडता, साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा मागावरच्या माणसाच्या आवाजात म्हणाला,

"मॅडम, टोचायला कवा सुरू करताय?"